हिरवा स्टिकर लावला की भांडण का सुरू होतं?

२०१३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग अगदी साधा होता. लोकांच्या हातात थोडे पैसे द्यायचे आणि दोन बल्बांपैकी एक विकत घ्यायला सांगायचं. एक जुन्या पद्धतीचा, तारेचा, स्वस्तातला. दुसरा सीएफएल: महाग, पण वीज कमी खाणारा आणि कितीतरी पट जास्त टिकणारा. सीएफएल घेतल्यावर बिलात किती बचत होते, हे सगळ्यांना आधीच समजावून सांगितलं होतं. फरक फक्त एका चिकटपट्टीचा. काहींच्या पुढ्यातल्या सीएफएलवर ‘पर्यावरण जपा’ अशा अर्थाचा स्टिकर होता, काहींच्या पुढ्यातल्या सीएफएलवर कोरा.

कोरा स्टिकर असलेला बल्ब डावीकडे झुकणाऱ्यांनी आणि उजवीकडे झुकणाऱ्यांनी साधारण सारख्याच प्रमाणात उचलला. ‘पर्यावरण’ हा शब्द दिसला, तिथे मात्र उजवीकडच्यांनी हात आखडता घेतला. बल्ब तोच, किंमत तीच, होणारी बचतही तीच.

यावरून उजव्या मंडळींना निसर्गाचं वावडं असतं असं म्हणून मोकळं होता येईल. अनेकजण होतातही. पण हे स्पष्टीकरण इतिहासाला धरून नाही.

थोडं मागे जाऊ. १९६९च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली आणि किनारे काळे पडले. त्याच वर्षी जूनमध्ये क्लीव्हलँड शहरातल्या कायहोगा नदीने पेट घेतला. अक्षरशः पेट घेतला, कारण पाण्यावर तेलाचा आणि कारखान्यांच्या घाणीचा थर साचला होता. पुढच्या वर्षी, २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, तेव्हा सुमारे २ कोटी अमेरिकन त्यात उतरले. कल्पना डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची. सहअध्यक्ष म्हणून त्यांनी मुद्दाम विरोधी, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे पीट मॅक्लोस्की यांना सोबत घेतलं होतं. वर्षअखेरीस पर्यावरण संरक्षणासाठी स्वतंत्र सरकारी संस्था उभी राहिली, ती रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत. स्वच्छ हवेचा कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ० मतांनी आणि खालच्या सभागृहात ३७४ विरुद्ध १ मताने पास झाला. १९७३चा नष्टप्राय प्रजातींचा कायदा सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ०. आज त्याच सभागृहात सूर्य पूर्वेला उगवतो असा ठराव आणला, तरी इतकी एकवाक्यता होईल का, शंकाच आहे.

पण या गोड काळातही एक खडा लागतो आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा निक्सन यांनी नाकारला. म्हणजे ज्यांच्या काळात ती संस्था आली, त्यांनीच. कारण काय दिलं? खर्च परवडणारा नाही. संसदेने दोनतृतीयांशापेक्षा जास्त मतांनी त्यांचा नकार मोडून काढला आणि कायदा झाला. आता यात नद्या स्वच्छ असाव्यात की नसाव्यात हा वाद कुठेच नव्हता. वाद होता तो बिल किती होणार आणि ते कोणाच्या नावावर फाडायचं याचा.

माझ्या मते पर्यावरणाच्या राजकारणाची गुरुकिल्ली इथेच आहे. निसर्ग आवडतो की नाही या प्रश्नावर समाज फुटत नाही. झाडं तोडा, नद्या नासवा, हवा काळी करा, असं म्हणत कोणी निवडणूक लढवत नाही. फूट पडते ती पैसे कोण भरणार आणि हुकूम कोण सोडणार यावरून. हे भांडण पुरेसं मुरलं, की त्यावर पक्षाचा रंग चढतो. एकदा रंग चढला, की मूळ भांडण मिटलं तरी रंग जात नाही. बल्बच्या प्रयोगात दिसतो तो हा शेवटचा टप्पा.

ओझोन निभावला, कार्बन अडला

दोन संकटं शेजारी ठेवून पाहिली, की हे चटकन कळतं.

पहिलं ओझोनचं. फ्रिज, एसी आणि फवाऱ्याच्या डब्यांमध्ये वापरला जाणारा सीएफसी नावाचा वायू वातावरणात वर जाऊन ओझोनचा थर खातो, असं मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. ओझोन गेला तर सूर्याची अतिनील किरणं थेट अंगावर. सीएफसी बनवणाऱ्यांत सगळ्यात मोठी होती ड्यूपाँट, आणि सुरुवातीला तिचा या मांडणीला विरोध होता. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनला मोठं भगदाड पडल्याचं दाखवलं. १६ सप्टेंबर १९८७ला माँट्रियलमध्ये करार झाला. अमेरिकेचे अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन होते: सरकारने उद्योगांत नाक खुपसू नये, हे ज्यांचं ब्रीद. तरीही सिनेटने करार ८३ विरुद्ध ० मतांनी मान्य केला. २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांतल्या प्रत्येक देशाने त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. एकमताचं इतकं लखलखीत उदाहरण दुसरं शोधून सापडणं कठीण.

हे जमलं, कारण सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांच्याकडे पर्यायी वायू तयार होत होते आणि तेही त्याच विकणार होत्या. जुना माल बंद झाला तर नव्या मालाला बाजार तयार. ग्राहकाच्या आयुष्यात काय बदललं? काहीच नाही. फ्रिज होता तिथेच राहिला, फक्त आतला वायू बदलला. गरीब देशांनी खर्चाचा प्रश्न काढला, तेव्हा १९९० मध्ये त्यांच्यासाठी वेगळा निधी उभारला गेला. शिवाय धोका अंगाला भिडणारा होता: त्वचेचा कर्करोग. १९८५ मध्ये खुद्द रेगन यांच्या नाकावरून तशी गाठ काढलेली होती.

आता दुसरं, कार्बन डायऑक्साइडचं. तो ना दिसतो, ना त्याला वास. तो एखाद्या डब्यात भरलेला नाही, तर गेल्या दोन शतकांच्या सगळ्या अर्थव्यवस्थेतच मुरलेला आहे. पोलाद, सिमेंट, खत, वीज, घरात ऊब देणारी भट्टी, कामावर नेणारी गाडी, ट्रॅक्टर, मालवाहू जहाज. कोळशाच्या खाणीभोवती उभ्या राहिलेल्या गावाला ‘कोळसा थांबवा’ हे ‘फ्रिजमधला वायू बदला’ सारखं ऐकू येत नाही. ते ‘तुम्ही थांबा’ असंच ऐकू येतं.

त्यात हिशोबही विचित्र. पदरमोड आज करायची आणि फळ मिळणार नातवंडांना. तेही फक्त आपल्या नाही, साऱ्या जगाच्या नातवंडांना, ज्यांच्या आजोबांनी छदामही खर्च केला नाही त्यांनासुद्धा. अशा वेळी प्रत्येक देश, प्रत्येक उद्योग, प्रत्येक घर शेजाऱ्याकडे बघत बसतं: आधी तुम्ही, मग आम्ही.

मतपेटीच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. ज्याचं नुकसान होणार, त्याला ते नाव-गाव-तारखेसकट माहीत असतं. ज्याचा फायदा होणार, त्याला पत्ताही नसतो. गिरणी बंद झालेला कामगार मोर्चा काढतो. हवा स्वच्छ झाल्यामुळे ज्याला दम्याचा झटका आलाच नाही, तो मोर्चा काढत नाही. कारण न आलेल्या झटक्याची आठवण राहत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेच्या वायव्येकडच्या जुन्या जंगलांतलं ठिपक्यांचं घुबड संकटग्रस्त यादीत गेलं. त्याला जुनी, उंच, दाट झाडं लागतात आणि लाकूडकंपन्यांनाही नेमकी तीच हवी असतात. न्यायालयांनी सरकारी जंगलांतली तोड रोखली. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या लहान गावांत करवतीच्या गिरण्या बंद पडू लागल्या. घुबड खा, लाकूडतोड्याला वाचवा, अशा अर्थाच्या पट्ट्या ट्रकच्या मागे दिसायला लागल्या. वास्तविक त्या रोजगाराला गळती आधीपासून लागली होती. यंत्रं आली तशी माणसं कमी लागू लागली आणि बरेचसे ओंडके चिरण्याआधीच जहाजाने परदेशी जात होते. पण यंत्राला शिव्या घालून समाधान होत नाही. घुबडाला तोंड असतं, डोळे असतात, त्याचा फोटो छापता येतो. आणि त्याची बाजू मांडायला आलेले लोक शहरातून आलेले, चांगल्या पगाराचे, गिरणीत कधी पाऊल न टाकलेले. पुढच्या कित्येक निवडणुकांत त्या भागातल्या माणसाने ‘पर्यावरणवादी’ हा शब्द ऐकला, की त्याच्या डोळ्यांपुढे बंद पडलेली गिरणी आली असणार. आता त्याला निसर्गद्रोही म्हणायचं का? मला तरी तसं म्हणवत नाही. आयुष्यभर जंगलात काढलेला माणूस तो.

पिवळं जाकीट

फ्रान्सचं प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण तिथे सगळे धागे एकाच चौकात येऊन मिळतात.

फ्रान्समध्ये २००८ पासून प्रत्येक गाडीत लांबून दिसणारं पिवळं जाकीट ठेवणं सक्तीचं आहे. गाडी बंद पडली तर ते घालून रस्त्यावर उतरायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला दिसतं. दहा वर्षांनी, १७ नोव्हेंबर २०१८च्या शनिवारी, देशभरात अडीच लाखांहून जास्त लोक हेच जाकीट घालून रस्त्यावर उतरले आणि त्यांनी गोलचौक अडवले. सरकारने सक्तीने विकत घ्यायला लावलेली वस्तूच सरकारविरोधी आंदोलनाचा गणवेश झाली. इतका नेमका उपरोध ठरवूनही साधला नसता.

निमित्त होतं इंधनावरच्या कराचं. हवामानबदल रोखण्यासाठी जानेवारी २०१९ पासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट जादा कर लागणार होता. कागदावर हे अगदी बरोबर होतं. जे घातक आहे ते महाग करा, म्हणजे लोक ते कमी वापरतील. बहुतेक अर्थतज्ज्ञांना ही पद्धत मान्य आहे. पण कागदावर न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी होत्या. फ्रान्समध्ये कित्येक दशकं डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर होता, म्हणजे लोकांना डिझेल गाड्यांकडे वळवलं होतं ते सरकारनेच. पॅरिसमधल्या माणसाला मेट्रो आहे. शहरातली घरं परवडत नाहीत म्हणून लांबच्या गावात राहायला गेलेल्या माणसाला बस नाही. कामावर, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, सगळीकडे गाडी. त्याने गाडी कमी वापरायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि याच सुमारास इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या सरकारने श्रीमंतांवरचा संपत्ती कर मोडीत काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता.

म्हणजे एका हाताने वरच्यांना सूट आणि दुसऱ्या हाताने खालच्यांना कर, तोही पृथ्वी वाचवण्याच्या नावाखाली. आंदोलकांचं एक वाक्य तेव्हा गाजलं, त्याचा आशय असा: तुम्हाला जगाच्या अखेरीची चिंता आहे, आम्हाला महिनाअखेरीची. डिसेंबरच्या सुरुवातीलाच सरकारने करवाढ मागे घेतली.

हे बंड पर्यावरणाविरुद्ध होतं, असं दूरच्या देशांत बसून अनेकांनी लिहिलं. पण त्याच डिसेंबरमध्ये हवामानासाठी निघालेल्या मोर्च्यांत पिवळी जाकिटंही दिसली आणि जगाची अखेर, महिनाअखेर, लढा एकच, अशा घोषणाही ऐकू आल्या. लोकांचा राग इंधन महागलं एवढ्यापुरता नव्हता. ओझं वाटताना वाटप बरोबर झालं नाही, आणि ज्यांनी वाटप ठरवलं त्यांना आमचं जगणं माहीतच नाही, हा होता. पोटाला चिमटा माणूस काढतो, पण शेजारच्या ताटात पंचपक्वान्नं दिसत असतील तर नाही काढत.

नेदरलँड्समध्ये असंच झालं. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजनच्या प्रदूषणाबाबतचं सरकारी धोरण रद्द ठरवलं, हे प्रदूषण गुरांच्या शेणामुतातूनही होतं म्हणून गुराढोरांची संख्या कमी करण्याची भाषा सुरू झाली आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एका शेतकरी पक्षाने २०२३च्या प्रांतिक निवडणुकांत देशभरात सगळ्यात जास्त मतं मिळवली.

घोषणा तीच, तोंडं बदलली

पर्यावरण म्हणजे डावं आणि उद्योग म्हणजे उजवं, हे समीकरण किती पातळ आहे ते कॅनडात दिसतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००८ साली कार्बन कर आला. आणणारं सरकार उद्योगस्नेही, उजवीकडे झुकलेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कमाईवर कर घेण्यापेक्षा धुरावर घेऊ, आणि जितका गोळा होईल तितका इतर करांत सूट देऊन परत करू. विरोध केला तो डावीकडच्या पक्षाने. सामान्य माणसावर बोजा पडतो म्हणत ‘कर तोडा’ या घोषणेवर त्यांनी २००९ची निवडणूक लढवली आणि हरले.

दहा वर्षांनी देशपातळीवर कार्बनवर शुल्क आलं, तेव्हा आणणारे मध्य-डावीकडचे लिबरल होते. विरोधक झाले उजवे. घोषणा? तीच. ‘कर तोडा’. शब्दही जवळपास तेच. गोळा झालेला बहुतेक पैसा घरोघर परत जात होता, पण पेट्रोल पंपावर दर आठवड्याला बसणारा चटका डोळ्यांना दिसतो आणि तीन महिन्यांतून एकदा खात्यात गुपचूप जमा होणारी रक्कम दिसत नाही. त्या रकमेचं आधीचं नाव इतकं अगम्य होतं, की २०२४ मध्ये सरकारला ते बदलून त्यात ‘कार्बन’ आणि ‘परतावा’ हे शब्द घालावे लागले. तोवर उशीर झाला होता. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचं हे शुल्क शून्यावर आणलं गेलं, आणि ते शून्यावर आणणारे पंतप्रधान मार्क कार्नी ज्या पक्षाने शुल्क लावलं होतं त्याच पक्षाचे.

म्हणजे उपायाचा रंग उपायात नसतो. तो कोणी मांडला यावर ठरतो. अमेरिकेतलं आणखी एक जोडउदाहरण घ्या. आम्लपावसावर तोड म्हणून १९९० मध्ये वीजकंपन्यांच्या गंधकयुक्त धुरावर मर्यादा घातली गेली आणि त्या मर्यादेत परवान्यांची खरेदी-विक्री करायला मुभा दिली. बाजाराच्या नियमांवर चालणारा उपाय, रिपब्लिकन अध्यक्ष थोरले बुश यांचा पाठिंबा, सिनेटने ८९ विरुद्ध ११ मतांनी उचलून धरला. २००९ मध्ये साधारण हेच हत्यार कार्बनसाठी पुढे आलं. खालच्या सभागृहात २१९ विरुद्ध २१२, फक्त ८ रिपब्लिकन बाजूने, आणि सिनेटमध्ये ते मतदानापर्यंतही पोहोचलं नाही.

मधल्या एकोणीस वर्षांत काय घडलं? बरंच काही, आणि त्यातला काही भाग ठरवून घडवलेला होता. १९८९ मध्ये तेल, कोळसा, वाहन अशा उद्योगांनी मिळून एक गट उभा केला. विज्ञान अजून पक्कं नाही, हे लोकांच्या मनावर ठसवणं हे त्याचं एक मोठं काम. २००२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी एका टिपणात सल्ला दिला होता, की ‘जागतिक तापमानवाढ’ऐवजी ‘हवामानबदल’ म्हणावं, ते कमी भीतीदायक वाटतं. आणि वैज्ञानिकांचं अजून एकमत नाही, हा मुद्दा लावून धरावा. दुसऱ्या बाजूला, हा विषय जगभर सगळ्यात जोरात मांडणारा चेहरा ठरले ॲल गोर: डेमोक्रॅटिक पक्षाचे, देशाचे माजी उपाध्यक्ष, अध्यक्षपदाची निवडणूक अगदी थोडक्यात हरलेले. त्यांचं म्हणणं खरं असो वा खोटं, ज्यांनी त्यांना मत दिलं नव्हतं त्या निम्म्या देशाला ते प्रतिस्पर्ध्याचं म्हणणं वाटलं. हवामानाच्या बाजूने याहून वाईट योग जुळला नसता, असं मला राहून राहून वाटतं. त्यात या बाजूच्या काही लोकांचा सूर पापपुण्याचा. तुमची गाडी, तुमचं घर, तुमचं जेवण, सगळ्यात पाप. ज्याला पापी ठरवलं, तो मुद्दा ऐकत नाही, कीर्तनकाराची गाडी कोणती आहे ते बघतो.

हुशार माणसं जास्त भांडतात

लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून हे सगळं होतं. नीट समजावून सांगितलं की सगळे एकाच बाजूला येतील, अशी एक भाबडी आशा असते. मीही ती बाळगून होतो. २०१२ मध्ये डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने तिच्यावर पाणी टाकलं. विज्ञान आणि आकडेमोड ज्यांना जास्त चांगली कळते, त्या लोकांमध्ये हवामानाच्या धोक्याबद्दलची दोन बाजूंमधली दरी कमी असेल असं वाटावं. ती जास्त निघाली.

पटायला जड जातं, पण थोडा विचार करा. एका सामान्य माणसाचं हवामानाबद्दलचं मत बरोबर असलं काय नि चूक असलं काय, पृथ्वीच्या तापमानात काडीचाही फरक पडत नाही. पण तेच मत त्याच्या गोतावळ्याच्या विरुद्ध असलं, तर फरक लगेच पडतो. सोबत काम करणारे चिडवतात, भाऊ तुटक बोलतो, मित्र मागून टोमणे मारतात. म्हणजे चुकीच्या मताची किंमत पृथ्वीला, आणि वेगळ्या मताची किंमत स्वतःला. अशा व्यवहारात माणूस गोतावळ्याबरोबर राहतो, आणि त्यात मूर्खपणा काही नाही. आणि माणूस जितका हुशार, तितका तो आपल्या बाजूचा चांगला वकील. नको असलेल्या आकड्यात त्याला खोट लगेच सापडते, हव्या असलेल्या आकड्यात तो शोधतच नाही.

२०१४ मधल्या एका अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. रिपब्लिकन लोकांना तापमानवाढीविषयी सांगताना उपाय म्हणून सरकारी निर्बंध मांडले, तर त्यांतले कमी लोक समस्या मान्य करत. खुल्या बाजारातून येणारा उपाय मांडला, तर जास्त लोक तीच समस्या मान्य करत. आधी औषधाची चव पाहायची, मग आजार आहे की नाही ते ठरवायचं. हा दोष एकाच पक्षाचा नाही. आवडीचा विषय बदलला, की बाजूही बदलते. जर्मनीत अणुऊर्जेच्या विरोधातून मोठी झालेली हरित चळवळ कार्बनचं संकट डोक्यावर असतानाही अणुभट्ट्या बंद करण्यावर ठाम राहिली. शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ला बंद झाल्या, तेव्हा त्या देशात कोळशावर वीज बनतच होती.

हिरव्याचं हिरव्याशी भांडण हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. नॉर्वेत फोसेन भागात १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यामुळे रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांचा भंग झाला. दोन्ही पक्ष निसर्गाचं नाव घेत होते आणि दोघेही खोटं बोलत नव्हते.

देशादेशांत हेच भांडण मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं होतं, की गरिबी आणि गरज हेच सगळ्यात मोठे प्रदूषक नाहीत का? आजवर माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. १९९२च्या जागतिक हवामान करारात जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व मान्य झालं. पाच वर्षांनी, उत्सर्जन कमी करण्याचं बंधन घालणाऱ्या क्योटो कराराच्या तोंडावर, विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीही सही करू नये, असा ठराव अमेरिकी सिनेटने केला. मतं ९५ विरुद्ध ०. बिल देशाबाहेर ढकलायचं म्हटल्यावर दोन्ही पक्षांचं मेतकूट लगेच जमलं.

स्टिकर काढला तर?

अमेरिकेत पवनचक्क्यांपासून सगळ्यात जास्त वीज बनवणारं राज्य टेक्सास आहे: तेलाचं, उजव्या राजकारणाचं टेक्सास. १९९९ मध्ये तिथले गव्हर्नर धाकटे बुश यांनी सही केलेल्या कायद्यातून याची सुरुवात झाली. वाऱ्याच्या पट्ट्यातल्या जमीनमालकाला चक्कीमागे भाडं मिळतं, खाली गुरं चरतच राहतात, गावच्या शाळेला करातून पैसा येतो. पृथ्वी वाचते की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य असण्याची गरजच नव्हती. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याच्या थंडीत राज्याची वीज गेली. सगळ्यात मोठी तूट नैसर्गिक वायूची होती, पण काही नेत्यांनी टीव्हीवर बोट दाखवलं ते गोठलेल्या पवनचक्क्यांकडे. वीस वर्षं विनास्टिकर फिरलेल्या पात्यांवर एका आठवड्यात स्टिकर लागला.

उलटही होतं. २० जून १९७९ रोजी तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पत्रकारांना बोलावून व्हाइट हाउसच्या गच्चीवर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेलं दाखवली. एका पिढीनंतर ही एक तर मोठ्या प्रवासाची सुरुवात ठरतील, नाही तर संग्रहालयातली गंमत, असं काहीसं ते म्हणाले. १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात, गच्चीच्या दुरुस्तीसाठी ती उतरवली ती पुन्हा चढलीच नाहीत. पुढे मेन राज्यातल्या एका छोट्या कॉलेजने ती नेली आणि आपल्या खानावळीचं पाणी त्यावर तापवलं. त्यातलं एक पॅनेल खरोखरच संग्रहालयात गेलं.

मग अध्यक्ष म्हणून धाकटे बुश आले, स्वतः तेलाच्या धंद्यातून आलेले. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत व्हाइट हाउसच्या आवारातल्या एका देखभालीच्या शेडवर वीज बनवणारी सौर पॅनेलं बसली, आणि पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवायलाही सौर यंत्रणा लागली. या वेळी गच्चीवर पत्रकारांना कोणी बोलावलं नाही.